पगाराला लगाम, लीगला विस्तार

८ ऑक्टोबर २०२२. बंगळूरूच्या श्री कंठीरव इनडोअर स्टेडियममध्ये प्रो कबड्डीच्या नवव्या हंगामाचा दुसरा दिवस होता. तमिळ थलायवाजचा कर्णधार पवन सेहरावत गुजरातच्या चढाईपटूला पकडायला गेला आणि गुडघा धरून मॅटवर कोसळला. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. पवन बाहेर गेला तो अख्ख्या हंगामासाठी.

त्याच्यासाठी थलायवाजने लिलावात २ कोटी २६ लाख रुपये मोजले होते. एका संघाला खेळाडूंवर खर्च करायला मुभा होती एकूण ४ कोटी ४० लाखांची. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका गुडघ्याबरोबर गेला आणि बाकीचा सगळा संघ उरलेल्या २ कोटी १४ लाखांत उभा होता. तरीही याच संघाने त्या हंगामात पहिल्यांदा उपांत्य फेरी गाठली. नरेंदर आणि आपला अजिंक्य पवार यांनी चढायांचा भार उचलला.

खेळाडूंच्या पगाराला वरून मर्यादा घालण्याचा आणि लीगमध्ये नवे संघ आणण्याचा प्रश्न या एका प्रसंगातून बराचसा उलगडतो. मर्यादा कुणासाठी असते? तिच्यामुळे सामने खरोखर बरोबरीचे होतात का? संघ वाढले की कुणाचं भलं होतं, मालकांचं, खेळाडूंचं की प्रेक्षकांचं? जगभर यावर अर्ध्या शतकाहून जास्त काळ वाद चालू आहे. आपल्याकडे मात्र लिलावाच्या रात्री कोण कितीला गेला याच्या बातम्या होतात आणि विषय संपतो.

लिलाव म्हटलं की इथलं, बंगळूरुच्या यशवंतपुरातलं एपीएमसी यार्ड डोळ्यांपुढे येतं. महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याची बोली लागते तेव्हा कुठल्या व्यापाऱ्याने दिवसभरात किती पैसे लावावेत यावर बंधन नसतं. ज्याची ऐपत त्याचा माल. खेळाडूंच्या लिलावात सगळ्या खरेदीदारांच्या खिशात मोजून सारखेच पैसे ठेवलेले असतात आणि ते किती ठेवायचे हे लीग चालवणारे ठरवतात. भाव चढाओढीने चढल्यासारखा दिसतो, पण सगळ्या भावांची बेरीज आधीच ठरलेली असते. एकाला २७ कोटी मिळाले, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून आलेले असतात. खेळाडूला आपण कुठे जायचं हेही सांगता येत नाही. हातोडा पडला की बॅग भरायची.

पगाराच्या मर्यादेची ही कल्पना सर्वात कडक रूपात राबवली ती उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीने, म्हणून तिचा इतिहास थोडा पाहायला हवा. नॅशनल हॉकी लीगमध्ये १९४२ पासून पंचवीस वर्षं सहाच संघ होते. मालक मूठभर, खेळाडूंना दुसरीकडे जायची सोय नाही. डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने १९५७ मध्ये खेळाडूंची संघटना उभी करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याची रवानगी शिकागोला झाली. १९६७ मध्ये लीगने एका फटक्यात सहाचे बारा संघ केले आणि त्याच वर्षी खेळाडूंची संघटनाही उभी राहिली. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. जागा दुप्पट झाल्या की खेळाडूचा शब्द जड होतो.

पुढे पैसा वाढला, भांडणंही वाढली. २००४-०५ मध्ये मालकांनी पगारावर कमाल मर्यादा हवी म्हणून टाळेबंदी केली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये अख्खा हंगाम रद्द झाला. अखेर खेळाडू नमले. चालू करारांत २४ टक्के कपात स्वीकारली आणि प्रत्येक संघासाठी ३ कोटी ९० लाख डॉलरची मर्यादा आली. पण नमताना त्यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. ही मर्यादा लीगच्या उत्पन्नाला बांधली गेली. सुरुवातीला उत्पन्नाचा ५४ टक्के वाटा खेळाडूंचा होता, २०१२-१३ च्या दुसऱ्या टाळेबंदीनंतर तो निम्मा झाला. कमाल आकड्याच्या जोडीला किमान आकडाही आला, म्हणजे कुठलाही मालक पैसे वाचवून नुसता हजेरीपुरता संघ उतरवू शकत नाही. उत्पन्न घटलं तर खेळाडूंच्या पगारातून बाजूला ठेवलेली रक्कम मालकांकडे परत जाते. करोनाच्या काळात मर्यादा ८ कोटी १५ लाख डॉलरवर अडकून राहिली. २०२५-२६ साठी ती ९ कोटी ५५ लाख डॉलर झाली. आकडा चढतो किंवा अडतो, पण का, हे दोन्ही बाजूंना कागदावर पाहता येतं.

आता आपल्याकडचा हिशेब. हा मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण साऱ्या चर्चेचं मूळ इथे आहे.

आयपीएलमध्ये २०१८ साली प्रत्येक संघाला लिलावासाठी ८० कोटी रुपये होते. संघ आठ, म्हणजे एकूण ६४० कोटी. त्या वेळच्या पाच वर्षांच्या माध्यम हक्कांची किंमत १६,३४७ कोटी ५० लाख, वर्षाला सरासरी ३,२७० कोटींच्या आसपास. म्हणजे नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशाशी तुलना केली तर खेळाडूंची रक्कम साधारण २० टक्के भरत होती. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटींना गेले, वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ साली लिलावाची रक्कम होती १२० कोटी, संघ दहा, एकूण १,२०० कोटी. भागाकार करून पाहा, जेमतेम साडेबारा टक्के. सामन्याचं मानधन आणि कामगिरीचे पैसे धरून क्रिकेट मंडळाने २०२५ साठी प्रत्येक संघाला १४६ कोटींची जी एकूण मर्यादा दिली ती घेतली, तरी आकडा १५ टक्क्यांच्या आसपासच राहतो. तिकिटं, प्रायोजक, जर्सीवरच्या जाहिराती यांचं उत्पन्न यात धरलेलंच नाही.

सात वर्षांत हक्कांचा पैसा जवळजवळ तिप्पट झाला आणि पगाराची मर्यादा दीडपट. ऋषभ पंतला २७ कोटी मिळाल्याची बातमी खरीच आहे, पण तिच्यामागे ही घसरण झाकली जाते.

प्रो कबड्डीचे आकडे छोटे आहेत, पण प्रमाण वेगळं. २०२१ ते २०२५ या पाच हंगामांचे हक्क सुमारे ९०८ कोटींना गेले, हंगामाला साधारण १८१ कोटी. दहाव्या हंगामापासून संघाची मर्यादा ५ कोटी झाली. बारा संघांचे मिळून ६० कोटी, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. महिला प्रीमियर लीगमध्ये पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींचे आणि २०२५ मध्ये पाच संघांना प्रत्येकी १५ कोटी. वर्षाच्या हक्कांशी हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळ जातं. कबड्डीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हक्क घेणारी स्टार कंपनी लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सचीही मोठी भागधारक, तेव्हा त्या किमतीला उघड्या बाजारातल्या किमतीचं वजन देता येत नाही. तरी एक गोष्ट स्पष्ट आहे: सर्वात श्रीमंत लीगमध्ये खेळाडूंचा वाटा सर्वात लहान.

याचं कारण गूढ नाही. अमेरिकेत मर्यादा वाटाघाटीतून ठरते, आपल्याकडे ती जाहीर होते. समोर बसायला कुणी नाही. इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन २०१९ मध्ये झाली ती निवृत्त खेळाडूंसाठी. आज खेळणाऱ्यांची संघटना नाही. फुटबॉलमध्ये संघटना आहे, पण तिचा आवाज किती पोचतो ते पुढे येईलच. कबड्डीपटू तर पिढ्यान्पिढ्या नोकरीसाठी खेळत आला. रेल्वे, बँका, पोलीस, महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम अशा संघांत जागा मिळाली की घर मार्गी लागलं, असा हिशेब मुंबईच्या लालबाग-परळपासून कोल्हापूरच्या तालमींपर्यंत होता. लीगने त्याला हंगामाचा पैसा दाखवला. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वात महाग राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजार दिले. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई एका हंगामात ३६ लाख ४० हजारांवरून पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाखांवर गेला. हे कौतुकाचंच आहे. पण टायटन्सच्या त्या ५ कोटींतून पवनचे पैसे वजा करा. उरतात २ कोटी ३९ लाख ५० हजार. किमान अठरा जणांचा संघ करायचा तर बाकी सतरा जणांना सरासरी १४ लाख. संघातल्या सतराव्या-अठराव्या पोराला गुडघा मोडला तर ना नोकरी ना करार. त्या हंगामात टायटन्स तळाला राहिले, हेही लिहून ठेवतो.

मर्यादेमुळे चुरस येते, हा मालकांचा मुख्य युक्तिवाद. अर्थशास्त्रज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्येच बेसबॉलचा अभ्यास करून यावर शंका घेतली होती. असल्या बंधनांनी गुणी खेळाडूंची वाटणी फारशी बदलत नाही, पैसा मात्र खेळाडूकडून मालकाकडे सरकतो, असं त्यांच्या मांडणीचं सार होतं. आपल्या दोन लीगनी दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. प्रो कबड्डीच्या पहिल्या बारा हंगामांत आठ वेगवेगळे विजेते झाले. पाटणाने सलग तीन जिंकले तेवढाच काय तो दबदबा. आयपीएलच्या पहिल्या अठरा हंगामांत मात्र तेरा विजेतेपदं मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या तिघांतच वाटली गेली. दोन्हीकडे सगळ्यांना पैसे सारखे. बंगळूरुला पहिलं विजेतेपद मिळायला ३ जून २०२५ उजाडावं लागलं, आणि त्यात कुणी कमी पैसे दिले होते असं नव्हतं.  

माझं मत असं की चुरस आणते ती खेळाडूंची पारख आणि प्रशिक्षण. बंगळूरु बुल्सचंच बघा. जानेवारी २०१९ मध्ये मुंबईत गुजरातला ३८-३३ हरवून त्यांनी सहावा हंगाम जिंकला, पवनने अंतिम सामन्यात एकट्याने २२ गुण घेतले. पुढे अकराव्या हंगामात त्यांनी अजिंक्य पवारला १ कोटी १० लाख ७० हजारांना घेतलं, परदीप नरवालला ७० लाखांना आणलं आणि तळाला गेले. बाराव्या हंगामात मर्यादा तीच, प्रशिक्षक नवा: कर्नाटकचेच बी. सी. रमेश, ज्यांनी आधी बंगाल वॉरियर्सला आणि मग पुणेरी पलटणला विजेतेपद मिळवून दिलं होतं. बुल्स बाद फेरीत पोचले.

मर्यादा अगदीच निरुपयोगी आहे असं मला म्हणायचं नाही. ती नसती तर दोन-तीन धनाढ्य मालकांनी कबड्डीचा खेळ पहिल्या पाच वर्षांत संपवला असता. प्रश्न तिच्या आकड्याचा आहे आणि तो ठरवणाऱ्या खोलीत कोण बसतं याचा.

आता विस्तार. यात दोन वाटा दिसतात. एक किमतीची, दुसरी मुळांची.

किमतीची वाट आयपीएलने धरली. २००८ मध्ये सर्वात महाग संघ मुंबईचा होता, ११ कोटी १९ लाख डॉलर. बंगळूरुचा त्याच्या जेमतेम मागे, ११ कोटी १६ लाख. दोनच वर्षांनी, २१ मार्च २०१० ला, सहाराने पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर आणि रॉन्देव्हूने कोचीसाठी ३३ कोटी ३३ लाख डॉलर बोली लावली, म्हणजे मुंबईच्या तिप्पट. कोचीचा संघ एक हंगाम खेळला आणि सप्टेंबर २०११ मध्ये बाद झाला. पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये गेला. २००९ चा विजेता डेक्कन चार्जर्स २०१२ मध्ये संपला. कोचीच्या मालकांचा मंडळाशी वाद इतका लांबला की जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ५३८ कोटींचा लवादाचा निवाडा मंडळाविरुद्ध कायम ठेवला. संघ विकत घेताना ज्याने भविष्यावर इतकी उधळण केली, त्याच्या गणितात गहुंजेच्या स्टेडियममध्ये बसणारा पुणेकर कुठेच नव्हता. अमेरिकेलाही हे चुकलेलं नाही. अटलांटाने आइस हॉकीचे दोन संघ गमावले, एक १९८० मध्ये कॅल्गरीला आणि दुसरा २०११ मध्ये विनिपेगला. अ‍ॅरिझोनाचा संघ २०२४ मध्ये युटाहला गेला.

आणखी एक बारकावा. लास वेगासने २०१७ च्या प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर भरले, सिअ‍ॅटलने २०२१ साठी ६५ कोटी. हा पैसा खेळाडूंबरोबर वाटायच्या उत्पन्नात धरला जात नाही. तो सरळ जुन्या मालकांना जातो. आपल्याकडे २०२१ मध्ये लखनौसाठी ७,०९० कोटी आणि अहमदाबादसाठी ५,६२५ कोटी आले. त्यातून पगाराच्या मर्यादेची टक्केवारी ठरवावी, असा मुद्दाही कुणी काढला नाही. खेळाडूंना जागा मिळाल्या, एवढं खरं. नव्या संघांना लिलावाआधी तीन-तीन खेळाडू निवडायची मुभा होती. वेगासने पहिल्याच हंगामात अंतिम फेरी गाठली होती, अहमदाबादच्या गुजरात टायटन्सने तर पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, आयपीएल जिंकली.

मुळांची वाट फुटबॉलने दाखवली. बंगळूरु एफसी २०१३ मध्ये सुरू झाला, पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकला, २०१६ मध्ये पुन्हा जिंकला आणि मग २०१७ मध्ये जमशेदपूरबरोबर इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) आला. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एफसी गोव्याविरुद्ध जादा वेळेत राहुल भेकेच्या गोलावर त्यांनी विजेतेपद घेतलं. मुंबईचा हा बचावपटू आजही इथे नावाने ओळखला जातो. पुढे पंजाब एफसी २०२३ मध्ये आणि मोहामेडन २०२४ मध्ये, तोवर खालची ठरलेली आय-लीग जिंकून वर आले. विस्ताराची याहून रास्त पद्धत मला माहीत नाही. पण पाया कच्चा निघाला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, नूतनीकरण झालं नाही, जुलैत हंगाम थांबवल्याचं जाहीर झालं आणि ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीने पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत रोखले. कमाल मर्यादेचे नियम होते. खेळाडूंची संघटना असूनही महिन्याच्या पगाराची हमी द्यायला कुणी नव्हतं.

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ ला आठ संघांनी सुरू झाली आणि २०१७ मध्ये बारा झाले. चार नवे संघ म्हणजे निदान सत्तर खेळाडूंना काम. हरियाणातल्या आणि महाराष्ट्रातल्या पोरांसाठी हा विस्तार मोलाचा होता, यात वाद नाही. नव्या चौघांपैकी हरियाणा स्टीलर्सने अकरावा हंगाम जिंकलाही. प्रेक्षकाच्या पदरात काय पडलं ते मात्र वेगळं. त्याच २०१७ मध्ये कंठीरव उपलब्ध नव्हतं म्हणून बंगळूरु बुल्सचे घरचे सामने नागपुरात मानकापूरला झाले. नागपूरकरांना कबड्डी मिळाली, त्याचा आनंदच आहे, पण संघ बंगळूरुचा. यशवंतपूरहून हिरव्या मार्गावरची मेट्रो पकडून मॅजेस्टिकला जांभळ्या मार्गावर बदललं की कब्बन पार्कला उतरून कंठीरवपर्यंत चालत जाता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे बुल्सचे सामने झाले, तेव्हा मधल्या सुट्टीत कन्नड, तेलुगू, मराठी अशा तिन्ही भाषांत पकडीवर वाद चाललेले ऐकू येत होते. त्यानंतर अकरावा हंगाम हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात आटोपला. बारावा विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. शहरांची आणि राज्यांची नावं लावणाऱ्या बारा संघांची लीग चार शहरांत खेळली. बंगळूरु नाही, मुंबई नाही, विजेतेपद जिंकून दीड वर्षच उलटलेलं पुणंही नाही. प्रवासाचा आणि स्टेडियमचा खर्च वाचतो, हे कारण मला कळतं. पण टीव्हीवरच पाहायचं असेल तर संघाला शहराचं नाव कशाला?

महिला क्रिकेटमध्ये नेमकी उलट अडचण आहे. आरसीबीने २०२३ मध्ये सांगलीच्या स्मृती मानधनाला ३ कोटी ४० लाखांना घेतलं, २०२४ मध्ये तिच्या नेतृत्वाखाली विजेतेपद जिंकलं. लीग गाजली. पण संघ पाचच, एका संघात जास्तीत जास्त अठरा जणी, म्हणजे सगळ्या देशातून आणि परदेशांतून मिळून नव्वद जागा. इथे विस्तार हवा आणि तो सावकाश नको.

तेव्हा माझी बाजू सरळ आहे. पगाराची मर्यादा असावी, पण ती वर्षाच्या उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्याला बांधावी आणि तो टक्का जाहीर असावा. मर्यादेबरोबर किमान पगार आणि दुखापतीच्या काळातली हमी करारात लिहिलेली असावी. नवा संघ देताना पैशाच्या आकड्यासोबत त्या शहरात दर हंगामाला किती सामने होतील याची अट घालावी आणि ती मोडली तर दंड असावा. आणि हे ठरवताना आज खेळणाऱ्या खेळाडूंचे प्रतिनिधी टेबलाशी असावेत, निवृत्तांचे नव्हेत.

आयपीएलचे सध्याचे माध्यम हक्क २०२७ च्या हंगामाबरोबर संपतात. नवी किंमत ठरण्याआधी खेळाडूंचा वाटा ठरला नाही, तर पुढची पाच वर्षं तो पुन्हा मालकांच्या मर्जीवर राहील.